उघड्या पत्र्यावरचा वारा

नाजनीन एका जागी स्वस्थ बसली आहे, असं मी कधी पाहिलं नाही. कॉलेजात मी गणित शिकवते, ती मेकॅनिकलला कंत्राटी शिक्षिका. चहा येईपर्यंतही तिला खुर्ची सहन होत नाही. आणि अशा बाईनं पीएचडीला विषय कोणता घ्यावा, तर जो डोळ्यांनी बघताच येत नाही असा.

मिलिमीटरभर खोल फटीतून पाणी उकळत जातं. फटीची एक बाजू म्हणजे विजेनं तापवलेला पातळ पत्रा. त्याची उष्णता पाणी किती ओढून घेतं, ते शोधायचं. आत काही खुपसलं तर प्रवाहच बिघडतो. म्हणून पत्र्याची बाहेरची बाजू उघडी ठेवायची, तिच्यावर उष्णता टिपणारा कॅमेरा रोखायचा आणि बाहेरच्या तापमानावरून आतलं गणितानं काढायचं, उलट्या वाटेनं. यात मेख अशी की बाहेर जरा खुट्ट झालं, तरी आतलं उत्तर पार हलतं. गणित माझं, त्यामुळे तिची भुणभुण रोज माझ्याच कानाशी.

या उन्हाळ्यात तिला घबाड मिळालं. आलेखात एका ठिकाणी चांगला उंचवटा आला. तिथं पाणी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त उष्णता ओढत होतं. तिचे मार्गदर्शक सिद्धेश्वर सर खूश, पेपर स्वीकारला गेला. जूनआधी प्रबंध दिला की कायमची जागा तिचीच, असं सगळे धरून चालले. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करणाऱ्या तिच्या अब्बांनी, नबीलालचाचांनी, पेढेसुद्धा वाटले.

हिला मात्र चैन नाही. "ताई, पाण्याची दिशा उलटी केली तरी उंचवटा खिडकीच्याच बाजूला येतोय. पाण्याला खिडकी कशी कळती?"

"तुझं चांगलं झालेलं तुलाच खुपतंय," मी म्हटलं. मला खरंच राग आला होता. लोकांना देव देतो आणि ही नाक मुरडते.

एका दुपारी आम्ही दोघी प्रयोगशाळेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात होतो. शिपाई कोंडीबामामा खिडकीतल्या कूलरमध्ये पाणी ओतत होते.

"मामा, हितं बरं गार लागतंय," नाजनीन म्हणाली.

"लागणारच की. तुमी दुपारभर त्या मशिनीपाशी उकडून निगता, बगवंना मला. उन्हाळा लागल्यापास्नं कूलरचं तोंड रोज तिकडंच फिरवतोय."

तिचा घास हातातच राहिला. पत्र्यातून खोलीत किती उष्णता जाते, ते तिनं एकदाच मोजून ठेवलं होतं, सकाळी, कूलर लागायच्या आधी. कॅमेऱ्यावरची मोजमापं सगळी दुपारची. पत्रा वाऱ्यानं निवत होता आणि गणित त्याचं श्रेय पाण्याला देत होतं.

"मामा, बंद करा जरा," ती हळूच म्हणाली. "वाऱ्यानं डोकं दुखतंय माझं."

पुढे आठवडाभर कूलर बंद ठेवून, घामानं निथळत तिनं उंचवट्याची जागा पुन्हा मोजली. उंचवटा गेला. मला रडू आलं. ती नुसती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालत राहिली.

सर म्हणाले, "कूलर चालू होता हे परीक्षकांना कुठून कळणार? ते बाहेरून बघणार."

"सर, आपण तरी कुठं आत बघतो? बाहेरचं खरं धरूनच आतलं सांगतो ना."

सरांनी दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मग पेपर मागे घेत असल्याची मेल त्यांनी स्वतःच लिहिली.

जूनमध्ये जागा दुसऱ्याला मिळाली. नाजनीन पुन्हा कंत्राटावर, पुन्हा पहिल्या मोजमापापासून. चूक कुणाची झाली, असं अब्बांनी विचारलं, तेव्हा म्हणाली, माझी.

कोंडीबामामांना तिनं यातलं काही सांगितलेलं नाही, मलाही शपथ घातली आहे. ते अधूनमधून मला गाठतात. "मॅडमचं कुटं अडलं ओ? लई राबली लेक."

मी विद्यापीठाला चार शिव्या हासडते. मामाही हासडतात.