सागाच्या बुडाशी जीव

माझ्या बायकोला एक खोड होती. वाटेत झाड दिसलं की ती नखानं साल खरवडून बघायची. खाली हिरवं दिसलं की म्हणायची, "हाय, जीव हाय," आणि पुढे चालू लागायची. लग्नानंतर पहिल्यांदा सोनाळ्याच्या बाजाराला निघालो, तेव्हा तिनं सात-आठ झाडं अशी तपासली. मला वाटलं, सासऱ्यानं वेडी पोरगी गळ्यात बांधली. वेडा कोण, ते पुढे कळलंच.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं त्या काळची गोष्ट. मी जंगलखात्यात नाकेदार, म्हणजे जंगलाचा राखणदार. चार बुकं शिकलेलो, अंगात खाकी आणि डोक्यात हवा. माझ्या हद्दीत विस्तव दिसायला नको, हा माझा कायदा. मोहफुलं वेचणाऱ्या बाया फुलं पडायच्या आधी, थंडीतच, जागा साफ करायला झाडाखालचा पाला जाळायच्या, त्यांना मी हाकलून लावायचो. तीन वर्षं पान जळू दिलं नाही. पाला गुडघ्याला लागायला लागला तरी मी मिशीला पीळ देत फिरत होतो.

ती डोंगरातल्या गावची. म्हणायची, "अवो, दव असते तवा थोडाथोडा जाळला तं जाळ बोटभर उठते. झाडाले समजत बी नाही. साचवून ठेवसान तं एक दिवस सारंच खाईन तो."

"नाकेदार तू हायस का मी?"

"तुमीच. म्हनून तं भेव लागते."

जंगलाच्या कडेचं गवत जाळून मोकळा पट्टा ठेवावा लागतो, म्हणजे बाहेरची आग आत शिरत नाही. तो जाळायचा माघात, सकाळच्या दवात. मी आळस केला आणि फाल्गुनात, भर दुपारी पेटवला. वारा फिरला. साचलेल्या पाल्यानं आग अशी उचलली की हा जंगलाचा राखणदार टोपी टाकून नाल्यात पळाला. माझ्या हातची दोन वर्षांची सागाची लागवड काळी ठिक्कर पडली. रेंजर साहेबांचा निरोप आला, "दिवाळीआधी बघायला येतो. लागवड गेली असेल तर तूही गेलास."

मी कुदळ उचलली. काळी रोपं उपटायची आणि पावसाळ्यात तिथं नवी लावायची. जसं काही साहेबाला दोन वर्षांचं आणि दोन महिन्यांचं रोप ओळखताच येत नव्हतं! तिनं कुदळीचा दांडा धरला. एका रोपाच्या बुडाशी माती उकरली, मुळावर नख मारलं.

"हाय. इस्त्यानं वरचंच नेलं. आता उपटसान तं याले तुमी मारसान."

तिनं प्रत्येक रोप जमिनीबरोबर छाटायला लावलं. आठ दिवस दोघं वाकून छाटत होतो. ती गाणं म्हणायची, मी शिव्या द्यायचो.

दसरा झाल्यावर साहेब आले. बुडातून सरळसोट धुमारे फुटून कमरेवर गेले होते. आधीची माझी रोपं एवढी सरळ कधीच नव्हती. राखेत कडेच्या जुन्या सागांचं पडलेलं बीसुद्धा उगवलं होतं. साहेबांनी वाकून बुडाची छाट बघितली.

"बुडापासून छाटायचं कोणी शिकवलं रे तुला?"

ती पाण्याची कळशी घेऊन बाजूलाच उभी होती.

"अनुभव, साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी पाठ थोपटली. नोकरी राहिली. घरी जेवायला बसलो, तर ती ताट हातात धरून उभी. "कोनाले वाढू? तुमाले का अनुभवाले?"

हसली आणि वाढलं. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

पुढे दर माघात ती सांगेल त्या सकाळी मी पट्टा जाळला, आणि मोहाखालच्या बायांकडे पाठ फिरवून बसायला शिकलो. नोकरी संपेपर्यंत तशी आग लागली नाही. शाबासकी दरवेळी मीच घेतली.

तिला जाऊन दोन महिने झाले. बायकोचं नाव चारचौघांत घ्यायची आमच्यात रीत नाही. साहेबापुढे रीत आडवी आली, असं मी स्वतःला सांगत आलो. रीत कसली, मीच आडवा होतो. साहेबही आता नाहीत. तरी सांगतो.

गिरजानं शिकवलं, साहेब.