देवाचं निम्मं रान

आमच्या गावाचं रान म्हणजे ओढ्याकाठचा झाडांचा एक पुंजका. जामखेडकडच्या उघड्या माळावर तो लांबून काळ्या ठिपक्यासारखा दिसायचा. वड, उंबर, लिंब, हिवर, मधोमध बेल आणि बेलाच्या बुडाशी शेंदूर फासलेला देव. त्या रानातली वाळकी काडीही कुणी घरी नेत नसे. बहात्तरच्या दुष्काळात त्यातलं निम्मं तुटलं. तोडायला गावाची हरकत उरली नाही ती माझ्यामुळे.

मी तेव्हा गावच्याच शाळेत विज्ञान शिकवत होतो, कॉलेजातून नुकताच परतलेला. कॉलेजात आम्हाला एक प्रयोग शिकवला होता. जमिनीवर दोरीने चौकोन आखायचा आणि आतल्या वनस्पतींच्या जाती मोजायच्या. मग चौकोन दुप्पट करून पुन्हा मोजायच्या. जागा दुप्पट झाली तरी जाती दुप्पट होत नाहीत. आधी भराभर नवीन सापडतात, पुढे एखाददुसरीच. कागदावर त्याचा आलेख काढला की रेघ आधी उभी चढते आणि हळूहळू कलत जाते. शाळेतल्या पोरांना घेऊन मी हा प्रयोग देवाच्या रानात केला, तेव्हा रेघ अगदी पुस्तकातल्यासारखी आली. मला त्याचा फार अभिमान वाटला.

दुष्काळी कामातून ओढ्यावर पाझर तलाव मंजूर झाला. गावातच काम मिळणार होतं, खडी फोडायला परगावी जायला नको होतं. पण तलावाची जागा निम्मं रान खात होती. पारावर बैठक बसली.

"देवाचं हाय, देवाला इचारा," गुरव म्हणाला.

"देवाला काय तहान लागत न्हाई व्हय?" मागून कुणीतरी बोललं. लोक हसले, पण हो म्हणायला कुणी धजत नव्हतं.

बायकांतून माझी चुलती बोलली. चुलता लवकर गेल्यापासून शेत तीच बघायची, त्यामुळे बैठकीत तिच्या शब्दाला वजन होतं. "ह्या मास्तरला इचारा की. पोरं घिऊन रानात दोऱ्या बांधत हिंडतोय, त्याला ठावं असंल."

मी उठून सांगितलं. निम्मी जागा गेली म्हणून निम्म्या जाती जात नाहीत, थोड्याच जातात. बाकीचं बहुतेक सगळं उरलेल्या निम्म्यात असतंच.

"म्हंजी देवाला निम्मं ठिवलं तरी त्याचं सगळं ऱ्हातं?" चुलतीने विचारलं.

"जवळजवळ."

"मंग मी हो म्हनते. तू म्हंतोस तर बराय."

त्यानंतर कुणी नाही म्हणालं नाही. कुऱ्हाडी लागल्या.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, तलावात पाणी आलं, आणि उरलेलं रान हिरवंगार दिसू लागलं. मी येता-जाता तिकडे बघायचो आणि मनात म्हणायचो, बघा, काय बिघडलं? पण पावसाळा सरला तशी उदमांजराची विष्ठा वाटेवर दिसेनाशी झाली. मग घोरपड दिसेना. आतल्या बाजूचा उंबर, ज्याने कधी उघडा वारा सोसला नव्हता, तो आता रानाच्या कडेला आला होता. तो शेंड्याकडून वाळत खाली आला. त्याच्या ढोलीत मधमाश्यांचं जुनं पोळं होतं. एक दिवस मी ढोलीला कान लावला. आत काहीच नव्हतं.

माझी चूक मला तिथे उभ्या उभ्या कळली. मी मोजलेले चौकोन रानाच्या आतले होते. दोरीच्या पलीकडेही रानच होतं. तिकडून बी येत होतं, सावली येत होती, मधमाशी येत होती. आता कडेच्या पलीकडे तापलेला माळ होता. आणि जे जायचं होतं ते अजून सगळं गेलेलं नव्हतं.

चुलतीकडे तिच्या सासूपासून चालत आलेलं कांद्याचं बी होतं. हे बी जेमतेम वर्षभर टिकतं, म्हणून ते सतत नव्याने धरावं लागतं. दुष्काळात तिने घागरीने पाणी घालून कांद्याचा एकच वाफा जगवला होता. त्यातले निवडक कांदे तिने दिवाळीनंतर बियासाठी लावले. त्यांना आम्ही डेंगळे म्हणतो. हे साधले नाहीत, तर ते बी संपणार होतं.

माघात डेंगळ्यांना पांढरे गोंडे आले. एरवी अशा शेतातून जाताना पोरं तोंडावर हात धरायची, इतक्या माश्या असायच्या. त्या वर्षी शेत गप्प होतं. फुलाचे पराग या गोंड्यावरून त्या गोंड्यावर न्यायचं माश्यांचं काम हाताने साधतं का बघायला, मी रोज सकाळी जाऊन त्यांवर तळवा फिरवू लागलो.

"मास्तर, गोंजारून कांदा ग्वाड व्हतो का रं?" चुलती बांधावरून हसली.

"दाना धरलाय का बघतोय, काकी."

"बघ बाबा. तुला पगारी सुट्टी, तू काय बी बघ."

माश्या कुठे गेल्या आणि माझा हिशोब कुठे चुकला, ते तेव्हा सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.

गोंडे वाळल्यावर तिने ते चोळले आणि सुपाने वारा दिला. भुसा उडत गेला, उडतच राहिला. सुपात उरलं ते भाकरीला तीळ लावावेत इतकंच, तेही पोचट. रोपाला टाकलं, पण उगवलं नाही. तिने खर्ड्याच्या बाजारातून बी आणलं आणि पुन्हा कधी डेंगळे लावले नाहीत.

"देवाच्या रानाला हो म्हनले मी," ती म्हणाली. "माजाच हात बाटला."

एका सकाळी ती देवाची माफी मागायला निघाली. मी बरोबर गेलो. बेलाखाली ऊन पडलं होतं, पूर्वी तिथे कधी पडत नसे. तिने जमिनीला डोकं टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मी शेजारी हात जोडून उभा होतो. गुरवाने नारळ फोडून तिच्या हातात प्रसाद ठेवला, मग माझ्या. तो मी मुकाट्याने खाल्ला.