आमच्या बैलाचं नाव

नसरापूरच्या फाट्यावर आबांनी माझी बॅग एसटीत चढवली, उतरता उतरता मागं वळले आणि कानाशी येऊन म्हणाले, "इमानात बसलीस की फोन कर. पर फोनवर फौजदाराचं नाव काढू नगंस." विमानाला ते इमानच म्हणतात. मुलगी नर्स म्हणून जर्मनीला निघालेली, आणि बापाचं शेवटचं सांगणं काय, तर हे.

फौजदार म्हणजे आमचा बैल. गोऱ्हा होता तेव्हा दिसेल त्या दाराशी हक्कानं तोंड घालायचा आणि हाकललं की उलट डोळे वटारायचा, म्हणून आईनं हे नाव ठेवलं. राजगडाखालच्या आमच्या गावात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. बंदोबस्ताला आलेले हवालदारसुद्धा ऐकून हसायचे. ते नक्की कशाला हसत होते, असं आता मनात येतं.

चिखलणी चालू होती आणि हा गडी भातखाचरात मध्येच फतकल मारून बसला. आबा ओरडले, "फौजदारा, फुकटचं खाऊन लई माजलायस. लाग की कामाला." आबांचा आवाज मूळचाच खणखणीत, पलीकडच्या शिवारात ऐकू जायचा. गडावर निघालेल्या पोरांनी व्हिडिओ काढून मोबाईलवर टाकला. लोक पोट धरून हसले. मग एक दिवस जीप आली.

"खात्याचा अपमान करतोस?" एवढंच विचारलं म्हणे. बैलाचं नाव आहे साहेब, असं आबा सांगत राहिले आणि मार खात राहिले. कुठल्या ठाण्यात नेलं ते लिहिणार नाही. हे कोण कोण वाचेल, मला काय माहीत. संध्याकाळी सोडलं. गुन्हा नाही, नोंद नाही, काही नाही. तळपाय इतके सुजले होते की चपला हातात धरून टेम्पोतून उतरले. मी नर्सिंग शिकले आणि पहिली पट्टी बांधली ती बापाच्या तळव्याला. माझं डोकंच फिरलं. तक्रार करायला भोरला निघाले, तर आबा उंबऱ्यात आडवे बसले. "चूक माजीच. मोट्यानं बोललो म्या." परदेशाला तोवर त्यांचा ठाम नकार होता. त्या दिवशी म्हणाले, "तुला भायेर जायाचंय न्हवं, जा. हितं ऱ्हायलीस तर तू बोलशील."

व्हिडिओ काढणारी पोरं पुण्याची. बैल कुणाचा, घर कुठलं, त्यांना काय ठाऊक? म्हणजे बोट दाखवणारं माणूस गावातलंच. गावात राहिलेल्यांनो, तुम्ही हे वाचाल म्हणून स्पष्टच लिहिते. मला तुमच्यातल्या एकाचा संशय आहे, आणि तो कोण ते ठरत नाही म्हणून सगळ्यांचाच आहे. आबांना टेम्पोतून घरी आणणाऱ्या शेजारच्या काकांचासुद्धा. ते इतक्या वेळेवर ठाण्यापाशी कसे होते? गावचा व्हॉट्सॲप ग्रुप मी सोडला. गावी गेले की काकांच्या घरी चहा पिते आणि त्यांच्या तोंडाकडं बघत बसते. हे चांगलं नाही, मला कळतं.

जर्मनीत येऊन सुटले म्हणावं, तर भाषेच्या क्लासमध्ये बाई म्हणाल्या, इथं पोलिसाला 'झी' म्हणायचं, म्हणजे आपलं 'तुम्ही'. 'डू' म्हटलं, म्हणजे 'तू', तर दंड होऊ शकतो. केरळच्या मैत्रिणी हसल्या. मी मात्र कुणाचा मोबाईल चालू आहे का ते बघून घेतलं. तरी दंड म्हणजे दंड. त्यासाठी कुणी तळपाय फोडत नाही. हा फरक लहान नाही. माझ्यासारखे जे बाहेर पडलेत, त्यांना विचारायचंय, गावचा फोन आला की तुम्हीही आधी खिडकी लावता का?

यंदा लावणीला सुट्टी काढून गेले. बैलाचं नाव आता राजा. "राजा, चल," आबा हलक्या आवाजात म्हणत होते आणि तो ढिम्म उभा. शेवटी आबांनी रस्त्याकडं पाहिलं, बैलाच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटले, आणि तो चालू लागला. दर वळणाला हेच. तिकडं जर्मनीत डोळे मिटले की मला घर ऐकू येतं, दिसत नाही. आणि ऐकू येते ती आबांची शिवारभर जाणारी हाक. ती बंद झाली तर मी परत यायचं तरी कुठं? मी बांधावरून सगळा दम लावून ओरडले, "फौजदारा, चल की रं."

त्यानं कान टवकारले आणि जोडीदाराला ओढत सुटलाच. आबा हसले. किती तरी दिवसांनी असे हसले. मग त्यांनी रस्त्याकडं पाहिलं, काकांच्या शेताकडं पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडं.

"पोरी," ते म्हणाले, "तुजं इमान कवाचं हाय?"