न बघता कसं सांगता?

शाळेच्या मैदानावर खो-खोचा सराव चालू असताना कुंदा म्हात्रे एकदम मातीत बसली. गळ्यातली शिट्टी छातीवर रुळत होती आणि ती चक्क थरथरत होती, इतक्या जोरात तिचं काळीज उडत होतं. आम्ही शिक्षक धावलो. कुणी वारा घातला, कुणी शिपाईमावशींना कांदा आणायला पिटाळलं. डोळे न उघडता कुंदा हळू आवाजात म्हणाली, "माझ्या नाकाला कांदा लावलात ना, तर बोट चावीन."

इतरांचा आवाज रागानं चढतो, तिचा उतरायचा. ती आमच्याकडे भिवंडीला पी.टी. शिकवायला आली तेव्हा जेमतेम पंचविशीची होती. खारबावच्या शेतकरी घरातली, कॉलेजात कबड्डी गाजवलेली. मी तिच्याहून बरीच मोठी, म्हणून मला ताई म्हणायची. त्या दिवशी थोड्या वेळानं उठली, कपडे झटकले आणि उरलेला सराव पुरा केला.

"हे कॉलेजपासून होतंय," डबा खाताना तिनं सांगितलं. "कुणी बटण दाबल्यासारखी धडधड सुरू होते. मानेत शिरा उडतात, छाती आवळते. मग तशीच खटकन बंद. मला सांगा ताई, टेन्शन काय बटणावर चालतं?"

टेन्शन हा शब्द तिच्या घरच्या डॉक्टरांचा. त्यांचा दवाखाना बाजाराच्या मागच्या गल्लीत, भिंतीला लागून कापडाच्या लूमचा कारखाना. मी एकदा तिच्याबरोबर गेले होते. त्यांनी छातीला नळी लावली, न लावल्यासारखी काढली आणि कुंदाऐवजी माझ्याकडे बघत म्हणाले, "या वयात मुलींना होतं असं. लग्न झालं की थांबेल." आणि झोपेच्या गोळ्या लिहिल्या. बाहेर आल्यावर कुंदा म्हणाली, "त्या खटखटाटात आपण एकमेकींचं बोलणं ऐकू शकत नव्हतो. यांना माझं काळीज बरं ऐकू आलं!"

घरी आत्यानं भगताचा अंगारा आणला होता. वडिलांचं वेगळंच. "पोरीची जात हाय," ते मला म्हणाले, "हार्टचा गाजावाजा नको, बाई. उद्या लगीन कोन करंल?" माणसं वाईट नव्हती, असं म्हणायची पद्धत आहे. मला ते म्हणावंसं वाटत नाही. पोर छाती धरून बसते आणि घरच्यांना दिसतो तो नवरा मुलगा, याला चांगुलपणा म्हणत नाहीत.

तिनं स्वतःहून कार्डिओग्रामही काढून घेतला होता. पण दर वेळी हॉस्पिटलात पोचेपर्यंत धडधड थांबलेली असायची. कार्डिओग्रामची पट्टी स्वच्छ यायची आणि मग ही नाटकं करते यावर घरादाराचं शिक्कामोर्तब व्हायचं.

एका दुपारी शिक्षकांच्या खोलीत तिनं माझं मनगट पकडलं. "ताई, आत्ता. थांबायच्या आत चला."

रिक्षा कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या टेम्पोंमागे अडकली. कुंदाचे ओठ पांढरे पडले होते. मी पाठीवरून हात फिरवत होते आणि ती पुटपुटत होती, "थांबू नको, थांबू नको." स्वतःचं दुखणं टिकून राहावं म्हणून विनवणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. आपण तिला कुठे आणून ठेवलं होतं, ते मला त्या रिक्षात कळलं.

हॉस्पिटलच्या खिडकीतल्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "केसपेपर काढा, बाकावर बसा."

"केसपेपर नंतर," कुंदाचा आवाज अगदी खाली आला. "आधी पट्टी काढा. नाहीतर मी इथेच आडवी होते, मला ओलांडून जा सगळे."

आतून एक तरुण डॉक्टर बाहेर आला. त्यानं तिच्या मानेकडे पाहिलं, काही न विचारता आत नेलं, पट्टी काढली आणि लगेच शिरेत इंजेक्शन दिलं. कुंदानं माझा हात चुरगाळला. एक क्षण मेलेच असं वाटलं, असं तिनं नंतर सांगितलं. मग ठोके ताळ्यावर आले. हृदयात विजेची एक जादा वाट जन्मापासूनच आहे, ठोका तिथे गरगर फिरतो, त्यानं समजावलं. मांडीच्या शिरेतून तार घालून ती वाट जाळता येते, मुंबईला होतं, बहुतेक जण कायमचे बरे होतात.

कुंदा रडायला लागली. डॉक्टर म्हणाला, "घाबरू नका."

"घाबरले नाही हो," ती म्हणाली. "इतकी वर्षं मला खोटी ठरवली. त्या सगळ्या वर्षांचं मी आता काय करू?"

तेव्हा तिचं लग्न ठरत आलं होतं. वडील म्हणाले, हळद उतरेपर्यंत तोंड उघडायचं नाही. पाहुणे बैठकीला आले तेव्हा कुंदानं चहाचा ट्रे ठेवला आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. पाहुण्यांनी चहा संपवला, कळवतो म्हणाले आणि कळवलं नाही. वडिलांनी बोलणं टाकलं. मुंबईला तिच्याबरोबर आई आली आणि मी गेले. तार घातली, वाट जाळली, धडधड पुन्हा आली नाही.

बरी झाल्यावर ती मला घेऊन पहिल्यांदा गेली ती त्या गल्लीतल्या दवाखान्यात. पट्टी दाखवायची होती तिला. बाकावर आमच्यालगत एक विशीतली सून छातीवर हात दाबून बसली होती, सासू शेजारी. डॉक्टरांनी दारातूनच सांगितलं, "टेन्शन है, गोली लेके सो जाने का."

कुंदा उठली. "आपने देखा क्या?"

"इथे पेशंट तुम्ही आहात का?" डॉक्टर गुरकावले.

"होते. तुम्ही मलाही बघितलं नव्हतं." ती मराठीवर आली, आवाज इतका खाली की लूमच्या आवाजात सगळे कान देऊन ऐकू लागले. "नसेल हिला काही. नसलं तर आनंदच आहे. पण न बघता कसं सांगता?" मग सासूकडे वळून म्हणाली, "चलो अम्मा, मैं साथ आती हूँ."

त्या सुनेचं हृदय ठणठणीत निघालं. अंगात रक्तच नव्हतं. पोर पांढरीफटक पडेपर्यंत कुणी पापणी ओढून बघितली नव्हती. औषधानं ती सुधारली.

पुढे कुंदाला नाशिककडे नोकरी लागली आणि ती भिवंडी सोडून गेली. त्यानंतर त्या दवाखान्यात कार्डिओग्रामचं मशीन आलं. डॉक्टरांनी त्याला हार घातला, नारळ फोडला, गल्लीभर पेढे वाटले. एका पोरीनं भर दवाखान्यात जाब विचारला होता, हे कुणाच्या तोंडून निघालं नाही. मी चिडून कुंदाला फोन केला.

 पलीकडून तोच उतरलेला आवाज आला, "ताई, मशीन चालवतात की नुसतं पूजतात, तेवढं जाऊन बघा."