ग्वाट्याचा मळा

पाटलानं पेपर हातात दिला नाही. पारावरून खाली टाकला. माझ्या पायाशी, धुळीत.

"उचल. वाच मोठ्यानं. तुझ्या बापाच्या मळ्याची बातमी आलीय."

पारावरचे सगळे खदाखदा हसले. माझा बाप तिथंच उन्हात उभा होता, पागोटं काखेत धरून. तोही हसला. त्याचं ते हसणं मला अजून छळतं.

आमचं गाव कुकडीच्या काठी, पिंपळवंडीहून पुढं. महारवाड्यात वाचता येणारी मी एकटी. शाळेत पडवीत बसवायचे, सगळ्यांपासून लांब. तरी बापानं हट्टानं चार इयत्ता शिकवलं. जुन्नरच्या बाजारातून गूळ यायचा तो रद्दीत बांधून. गूळ डब्यात गेला की कागद माझ्याकडं. मी वाचायची, वाडा ऐकायचा.

पारावरच्या त्या दिवसाच्या दोनेक वर्षं आधी असाच एक फाटका कागद आला. वर लिहिलेलं, 'ग्वाटेमालात पडीक जमीन भूमिहीनांना.' खालचं फाटलेलं. आता आमच्या जुन्नर-आंबेगावात चार घरं दिसली की झाला मळा. शिंद्यांचा मळा, थोरातांचा मळा. मला वाटलं, छापणाऱ्यानं ळचा ल केला असणार. मी वाचलं, "ग्वाटेमळ्यात."

"ग्वाट्यांचा मळा," बाप म्हणाला. "आंबेगावाकडं आसंल. लोणीच्या बाजूला लई मळं हायती."

दुसऱ्या दिवशी भाकरी बांधून तो चालत लोणीला निघाला. का, ते सांगते. आमच्या झोपड्यांना लागून पाटलाचा माळ आहे. माझ्या जन्माआधीपासून पडीक. नुसती कुसळं आणि तरवड. आम्ही गावाची मेलेली ढोरं ओढायची, सांगावे पोचवायचे आणि दारोदार शिळी भाकरी मागायची. तो माळ कसायला मिळाला असता तर मागायला लागली नसती. बापाला एवढंच हवं होतं.

लोणीत लोक म्हणाले, "ग्वाटे? आसलं आडनाव न्हाई हिकडं, पावणं." शेवटी एका मास्तरानं सांगितलं, हा मळा नव्हे, देश आहे. सातासमुद्रापलीकडं, अमेरिकेच्या खालच्या अंगाला. तिथल्या सरकारनं बड्या जमीनदारांची आणि केळी पिकवणाऱ्या एका परदेशी कंपनीची पडीक जमीन काढून घेतलीय, गरिबांना वाटायला.

बाप परत आला तो पाय सुजवून. पण तोंड उजळलेलं. "लई लांब हाय गं. पन झालंय ना कुठंतरी!"

तेवढ्या बळावर तो पाटलापुढं गेला. जोहार घातला, माळ मागितला, वर ग्वाटेमालाचा दाखला दिला. हात दाखवून अवलक्षण. पाटील चिडला असता तरी बरं झालं असतं. तो हसला. त्या दिवसापासून गावानं बापाचं नावच ग्वाट्या ठेवलं. "ग्वाट्या, ढोर ओढ." "ग्वाट्या, सरपण फोड." शेंबडी पोरंसुद्धा. बाप दर वेळी हसून 'जी' म्हणायचा.

आणि आता पाटलाच्या मुलानं पुण्याहून हा पेपर आणला होता. मी तो उचलला, वाचू लागले. सरहद्दीवरून सैन्य घुसलं. राजधानीवर विमानांनी बाँब टाकले. अध्यक्षानं खुर्ची सोडली. वाटलेल्या जमिनी परत घेणार.

"शेवटचं परत वाच," पाटील म्हणाला. "ग्वाट्याला नीट ऐकू येऊ दे."

मी बापाकडं पाहिलं. तो हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मला संताप आला. त्या न पाहिलेल्या माणसांसाठी, बापासाठी, कुणासाठी ते मला नाही सांगता येणार. पण त्या कागदात मला एक गोष्ट दिसली. पाटलाला ती दिसली नव्हती.

"न्हाई वाचत," मी म्हणाले. "त्यांच्याकडनं जमीन काढाया बाँब टाकनारी इमानं लागली, पाटील. आमाला तुमी नुसतं हसून भागवलं."

पाटील उठून उभा राहिला. बाप पुढं आला आणि सगळ्यांदेखत त्यानं माझ्या थोबाडीत मारली. मला वाचवायला मारली, हे कळत होतं. तरी लागायचं ते लागलंच.

वाचवता आलं नाहीच. त्या दिवसापासून अख्ख्या महारवाड्याची भाकरी बंद, काम बंद. आमचीच माणसं मला शिव्या घालू लागली. भुकेल्या पोटाला कुठला देश आणि कुठला मळा? बाप पुढच्या साली खोकून खोकून गेला. त्याला पुरायला नेला तेव्हाही पारावरून कुणीतरी म्हणालं, "ग्वाट्या गेला." आणि हसलं.

माळ अजून पडीकच आहे. पाटलाला तो नकोय. आम्हाला मिळू नये, एवढंच त्याला हवंय.

मला आशा नाही. जिथं सरकार गरिबाच्या बाजूनं उभं राहिलं तिथंही टिकू दिलं नाही, मग आमच्या मागं कोण आहे? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. पण येत्या पेरणीला मी कुदळ घेऊन त्या माळात उतरणार आहे. एकटी. हाकलतील. पुन्हा उतरेन. शेवटी हरेन, तेही मला ठाऊक आहे.

फक्त या खेपेला हसून भागायचं नाही. त्यांना विमानं आणावी लागतील.