शिलाई मशीनपाशी बसलेली बाई

म्युझियममध्ये सगळे त्यांना गाइडकाका म्हणत, पण कागदोपत्री ते गाइड नव्हते. कागदावर ते पहारेकरी. काम एवढंच की तिसऱ्या दालनात स्टुलावर बसायचं, कोणी चित्राजवळ बोट नेलं की "हात नाही लावायचा" म्हणायचं आणि पाच वाजता खिडक्या लावून किल्ल्या ऑफिसात द्यायच्या.

तिसऱ्या दालनात म्युझियमचा कायमचा संग्रह होता. तळमजल्यावर बाहेरून आलेली प्रदर्शनं लागत, गर्दी खेचत आणि महिन्याभरात जात. वरची बेचाळीस चित्रं मात्र वर्षानुवर्षं त्याच खिळ्यांवर टांगलेली, याच भागातल्या चित्रकारांनी काढलेली. नदीवरचा पूल, बाजार, कारखान्याची चिमणी, कुणाकुणाचे चेहरे. जिना चढून आलेली माणसं एक चक्कर मारत, एकमेकांना "झालं?" विचारत आणि खाली उतरत. घरी आलेला पाहुणा पाणीसुद्धा न पिता उठावा, तसं काकांना वाटे.

एके दिवशी एक जोडपं एका चित्रापुढे क्षणभर रेंगाळलं. खालच्या पट्टीवर लिहिलं होतं, 'शिलाई मशीनपाशी बाई, तैलरंग', आणि चित्रकाराचं नाव. बाईचं तोंड खिडकीकडे, ओठ घट्ट मिटलेले.

"ही अशी का बसलीये हो?" तरुणीने विचारलं.

"नवऱ्याने टाकलेली आहे बिचारी," काका म्हणाले. का म्हणाले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तोंडातून निघून गेलं खरं. पण ते जोडपं चांगलं दहा मिनिटं थांबलं.

मग गोष्ट वाढत गेली. नवरा दुसरीबरोबर पळाला. चित्रकार शेजारचाच, त्याचं हिच्यावर मन बसलं. "लोक काय काय बोलायचे!" असं म्हणताना काका आवाज उतरवत आणि ऐकणारे आपोआप जवळ सरकत. बायका डोळे पुसत. शाळांच्या सहली येऊ लागल्या, शिक्षक आधी फोन करून "ते गोष्ट सांगणारे काका आहेत ना?" असं विचारू लागले. काका युनिफॉर्मला इस्त्री करून घालू लागले. असं अठरा वर्षं चाललं.

एका साध्याशा दुपारी कॉलेजच्या मुलींना गोष्ट सांगताना मागे एक साठीच्या बाई उभ्या होत्या. खांद्याला कापडी पिशवी. गोष्ट संपल्यावर त्यांनी अभिप्रायाच्या वहीत काहीतरी लिहिलं आणि निघून गेल्या. कौतुकच असणार म्हणून काकांनी हौसेने वही उघडली.

'शिलाई मशीनपाशी बसलेली बाई माझी आई. तिला कोणी टाकलं नव्हतं. तुमचा माणूस तिच्याबद्दल जे सांगतो, ते कृपया थांबवा.' खाली पत्ता.

काकांचे कान तापले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. दालनात चिटपाखरू नव्हतं. त्यांनी ते पान फाडलं, चार घड्या घातल्या आणि खिशात कोंबलं. ती वही दर महिन्याला म्युझियमच्या मुख्य बाईंच्या टेबलावर जात असे.

पान सापडलं काकूंना, शर्ट धुवायला टाकताना.

"अहो, हे काय?" त्या वाचत वाचतच स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "म्हणजे ते सगळं तुम्ही मनाने रचलंत?"

काकांनी पान परत घ्यायला हात पुढे केला.

"मी माझ्या बहिणीला सांगितलंय ते. जावांना सांगितलंय. रडलेय मी त्या बाईसाठी!" त्या खुर्चीत बसल्या. पानाची फाटकी कड बघत म्हणाल्या, "आणि वर पान फाडून आणलंत. चोरासारखं."

गोष्ट रचल्याच्या बोलण्यापेक्षा 'चोर' हा शब्द काकांना जास्त लागला, कारण तो खरा होता.

सोमवारी म्युझियम बंद असे. काका पानावरचा पत्ता शोधत गेले. दुसरा मजला, दारावर पितळी कडी. त्या बाईंनी दार अर्धंच उघडलं.

"मी म्युझियममधून आलोय. तुमच्या आईंच्या चित्राबद्दल..."

"ओळखलं मी. या."

पुढे केलेला पाण्याचा पेला काकांना उचलवेना. "मी चुकलो," एवढंच ते म्हणाले.

"चित्रकार आमच्याकडे भाड्याने राहायचे," बाई सांगू लागल्या. "आई मशीनवर बसली की ते समोर बसून चित्र काढायचे आणि बाबा त्यांच्या पाठीमागे उभे राहून माकडचाळे करायचे. आई हसली की चित्रकार ओरडायचे, म्हणून तोंड खिडकीकडे आणि ओठ तसे मिटलेत. हसू दाबतेय ती. तुम्ही लोकांना सांगता की रडू दाबतेय."

अठरा वर्षं रोज पाहिलेला तो चेहरा काकांच्या डोळ्यांपुढे आला. आणि खरंच, गाल किंचित वर ओढलेले होते. ते त्यांना कधी दिसलंच नव्हतं.

"आई स्वतः आली होती तिथे," बाई म्हणाल्या. "चार वर्षांपूर्वी. बाबा गेल्यावर तिला ते चित्र बघावंसं वाटलं. तुम्हीच तिला 'आजी, तुम्ही पुढे या, नीट दिसेल' म्हणून पुढे उभं केलंत आणि सगळं ऐकवलंत."

"मी?"

"मी बोलणार होते, तर तिने माझा हात दाबला. घरी आल्यावर म्हणाली, 'बरं झालं, तुझ्या बाबांना हे ऐकावं लागलं नाही.' पुन्हा कधी आली नाही. गेल्या वर्षी गेली."

काकांनी खूप आठवून पाहिलं. इतक्या आज्यांना पुढे बोलावलं होतं, त्यातली ती कोणती? चित्रातली बाई वीतभर अंतरावर उभी होती आणि त्यांनी तिला ओळखलं नव्हतं, कारण त्यांचं लक्ष गोष्टीकडे होतं. ते उठले, वाकून नमस्कार करू लागले, तशा बाई मागे सरल्या.

"माफीबिफी नको. मी काही ती देणारी नाही. ते बंद करा आणि जा."

मंगळवारी काकांनी घडी घातलेलं पान मुख्य बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाईंनी ते दोनदा वाचलं.

"काका, गोष्ट रचलीत हे वाईटच. पण वहीतलं पान फाडलंत, ते मी पोटात घालणार नाही. लेखी खुलासा द्या. उद्यापासून खालच्या दारावर बसा."

"मला एक महिना वर राहू द्या. गोष्ट ऐकून गेलेली माणसं परत येतात. त्यांना सांगायचंय."

"शिक्षा म्हणून मागताय की हौस म्हणून?"

बाईंनी महिना दिला. चित्राखाली नवी पट्टी आली, तिच्यावर चित्रातल्या बाईचं नाव होतं आणि ती शिवणकाम करी हेही.

दोन आठवड्यांनी एक चित्रकलेच्या बाई तीसेक मुलांना घेऊन आल्या आणि स्वतःच गोष्ट सांगू लागल्या. आवाजही अगदी काकांसारखाच उतरवला. "या बाईला नवऱ्याने टाकलं होतं. बरोबर ना काका?"

काका स्टुलावरून उठले. "नाही, बाई. ते मी खोटं सांगत होतो. तिचा संसार चांगला होता. नवरा समोरच उभा होता, तिला हसवत."

चित्रकलेच्या बाईंचा चेहरा लाल झाला. एका मुलीने विचारलं, "मग खोटं का सांगितलं?"

"लोकांनी थांबावं म्हणून," काका म्हणाले. स्वतःच्याच कानांना ते इतकं फुसकं वाटलं की त्यांनी मान खाली घातली. बाईंनी मुलांची रांग केली आणि त्या पुढच्या चित्राकडे गेल्या.

त्या संध्याकाळी काकांनी सहलींची नोंदवही काढली आणि आलेल्या शाळांना हाताने पत्रं लिहिली. अकरा पत्रं, प्रत्येकात तेच कबूल केलेलं. काकू पाकिटांवर पत्ते घालत होत्या, पण बोलत नव्हत्या. दोनच उत्तरं आली. एकात 'कळवल्याबद्दल आभार' होतं. दुसऱ्या शाळेने पुढच्या सहलीची तारीख मागितली होती आणि विचारलं होतं, गोष्ट सांगणारे ते काका त्या दिवशी असतील ना?