तिसरी पुडी

अक्काला जाऊन सहा आठवडे झाले. मंठाळहून तिच्या मुलाचा, अशोकचा फोन आला तेव्हा मी बसवकल्याणच्या शाळेत नववीच्या वह्या तपासत बसले होते. "मावशी, आई गेली..." एवढंच बोलला. मी लाल पेनाला टोपण लावलं, वह्यांचा गठ्ठा सरळ केला आणि मगच मला ते कळलं.

अक्का माझी थोरली बहीण. तिच्या अंगणात बेलाचं झाड आहे. आमचं घर बौद्धांचं, पण सोमवारच्या पूजेची पानं न्यायला रविवारी निम्मं गाव तिच्या दारात. ती म्हणायची, "पानं तुमची, फळं माझी." कच्च्या फळांच्या चकत्या ती वाळवायची, कुटून वस्त्रगाळ करायची आणि जुन्या वर्तमानपत्राच्या कागदात पुड्या बांधायची. जुलाब लागलेल्यानं त्या ताकातून घ्यायच्या. पिकलेलं फळ वेगळं, ते पोट साफ होत नाही त्याच्यासाठी. दोन्हींची गल्लत केलेली तिला खपायची नाही. आणि पुडी हातावर ठेवण्याआधी उलटतपासणी! ताप हाय का, रक्त पडायलंय का, दिवस गेलेत का? एकाला जरी "व्हय" म्हटलं की पुडी परत डब्यात आणि माणूस दवाखान्याच्या वाटेला. बाकीच्यांना रोज एक, अशा दोनच पुड्या. बायका तिला चिक्कू म्हणून चिडवायच्या. "तिसऱ्या रोजी थांबलं न्हाई तर ते माझ्या झाडाचं काम न्हाई," ती म्हणायची. "तिसरी पुडी डाक्टरकडं मिळती."

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्याकडं गेले, ती आमची शेवटची निवांत भेट. तिचं पोलकं खांद्यावरून उतरत होतं.

"अक्का, इतकी वाळलीस कामून?"

"ऊन काय कमी हाय? तू खा गं भाकर."

आणि मी खाल्ली. ज्वारीची भाकर, पुंडीची म्हणजे अंबाडीची भाजी, दोनदा वाढून घेतली. तिच्या ताटात काय होतं ते मी पाहिलंच नाही. याबद्दल मला अजून स्वतःचा राग येतो.

पावसाळ्यात ती चक्कर येऊन पडली तेव्हा कुठं दवाखान्यात नेलं. आतड्यात गाठ होती. आधी आणायला हवं होतं, डॉक्टर म्हणाले... पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर आम्ही तिची खोली आवरली. गादीखाली पुड्यांचे रिकामे कागद निघाले, एकावर एक, हातानं सपाट केलेले. अशोक ते मोजायला लागला. मी त्याचा हात धरला. आयुष्यभर गावाला तिसरी पुडी दिली नाही, आणि स्वतः किती दिवस गप्प घेत राहिली होती! तिची उलटतपासणी कुणी केलीच नाही. मीसुद्धा नाही.

पुड्यांचा डबा मी माझ्याकडं घेऊन आले. गेल्या आठवड्यात माझंच पोट बिघडलं. ताकातून एक पुडी घेतली, दुसऱ्या दिवशी दुसरी. तिसऱ्या दिवशी सकाळी डबा उघडला, वास घेतला, झाकण लावलं आणि शाळेत रजा कळवून दवाखान्यात जाऊन बसले. नंबर यायला वेळ होता. बाकावर बसल्या बसल्या डोळे वाहायला लागले, थांबेचनात. शेजारची म्हातारी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "लई दुखायलंय काय, बाई?"

"न्हाई," मी म्हटलं. "आज तिसरा रोज हाय."